क्लाउड खर्चाचा स्वयंचलित दैनिक अहवाल

क्लाउड खर्चाचा स्वयंचलित दैनिक अहवाल म्हणजे एखाद्या संस्थेच्या क्लाउड सेवांवरील खर्चाचा गोषवारा दररोज ठरलेल्या वेळी, मानवी हस्तक्षेपाविना, संबंधित चमूच्या चॅट चॅनेलवर पाठवण्याची व्यवस्था होय. या व्यवस्थेत एक छोटा प्रोग्राम वेळापत्रकानुसार चालतो, क्लाउड पुरवठादाराकडून खर्चाचे आकडे मागवतो, त्यांची आधीच्या दिवसांशी व अंदाजपत्रकाशी तुलना करतो आणि काही ओळींचा संदेश स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स किंवा गूगल चॅट यांसारख्या साधनावर पोहोचवतो. खर्च होणे आणि तो कळणे यांमधील अंतर महिन्यावरून एक-दोन दिवसांवर आणणे हा तिचा मुख्य उद्देश असतो. अहवाल स्वतः खर्च थांबवत नाही. त्याची उपयुक्तता आकड्यांचा अर्थ नीट लावण्यावर आणि वाढीची जबाबदारी कोणाची हे ठरलेले असण्यावर अवलंबून असते.

== पार्श्वभूमी ==

क्लाउड सेवांची आकारणी विजेच्या मीटरप्रमाणे वापरानुसार होते. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने २००६ मध्ये एस-थ्री ही साठवण सेवा व ईसी-टू ही संगणन सेवा सुरू केली, तेव्हापासून तासाच्या किंवा सेकंदाच्या हिशेबाने संगणक भाड्याने घेण्याची पद्धत रूढ झाली. तत्पूर्वी सर्व्हर विकत घेण्यासाठी दरपत्रके मागवणे, मंजुरी घेणे आणि खरेदी आदेश काढणे असे टप्पे पार करावे लागत. खर्चावरील नियंत्रण त्या टप्प्यांमध्येच असे. क्लाउडमध्ये अधिकार असलेला कोणताही अभियंता काही मिनिटांत नवे यंत्र सुरू करू शकतो. म्हणजे खर्चाचा निर्णय लेखा विभागाकडून अभियंत्याकडे आला, परंतु देयक मात्र महिन्याच्या अखेरीस लेखा विभागाकडेच जात राहिले. दैनिक अहवालाची गरज या विसंगतीतून निर्माण झाली.

भारतात मायक्रोसॉफ्ट ॲझ्युरने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे डेटा सेंटरचे प्रदेश सुरू केले. ॲमेझॉनचा मुंबई प्रदेश जून २०१६ मध्ये, तर गूगल क्लाउडचा मुंबई प्रदेश २०१७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. त्यामुळे राज्यातील खासगी कंपन्यांबरोबरच शासकीय विभागांसाठीही वापरानुसार बदलणारे देयक हा नियोजनाचा विषय झाला.

याच काळात चमूंचा दैनंदिन संवाद ईमेलकडून चॅटकडे सरकला. स्लॅक २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तर मायक्रोसॉफ्ट टीम्स २०१७ मध्ये उपलब्ध झाले. या साधनांमध्ये बाहेरील प्रोग्रामला संदेश टाकू देणारी सोय असल्याने यंत्रणांचे इशारे व अहवाल चॅनेलवर येऊ लागले. क्लाउड खर्चाच्या व्यवस्थापनाला पुढे ‘फिनऑप्स’ हे नाव मिळाले. या विषयावर काम करणारे फिनऑप्स फाउंडेशन २०२० मध्ये लिनक्स फाउंडेशनचा भाग झाले. वेगवेगळ्या पुरवठादारांच्या देयकांतील रकाने एकसारखे असावेत यासाठी त्याने तयार केलेल्या ‘फोकस’ या मानकाची १.० आवृत्ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

== उपयोग ==

विलंबाची किंमत एका काल्पनिक उदाहरणातून स्पष्ट होते. तासाला ४५० रुपये भाड्याचे एक यंत्र चाचणीसाठी महिन्याच्या १ तारखेला सुरू केले आणि बंद करायचे राहून गेले, असे समजल्यास त्याचा दररोजचा खर्च १०,८०० रुपये होतो. ३० दिवसांच्या महिन्याचे देयक पुढील महिन्याच्या ३ तारखेला पाहिल्यावर ही बाब लक्षात आली, तर ३२ दिवसांचे ३,४५,६०० रुपये खर्च झालेले असतात. दैनिक अहवालात १ तारखेचा आकडा ३ तारखेच्या सकाळी दिसला आणि यंत्र तेव्हाच बंद केले, तर हा खर्च सुमारे २१,६०० रुपयांवर थांबतो.

विसरलेली यंत्रे, न वापरलेल्या डिस्क, दोन प्रदेशांमधील डेटाची अनपेक्षित वाहतूक, चुकीच्या मांडणीमुळे वारंवार स्वतःलाच बोलावणारे प्रोग्राम आणि प्रमाणापेक्षा जास्त नोंदवल्या जाणाऱ्या लॉग ही वाढीची नेहमीची कारणे आहेत. खात्याची गुप्त किल्ली उघड होऊन परक्या व्यक्तीने कूटचलन निर्मितीसाठी यंत्रे सुरू करणे हे त्यांतील सर्वात गंभीर कारण होय. असा गैरवापर पुष्कळदा संस्था एरवी वापरत नसलेल्या प्रदेशात होतो. म्हणून अहवालात केवळ मुंबई प्रदेशाचा नव्हे, तर सर्व प्रदेशांचा खर्च धरणे आवश्यक मानले जाते.

चॅट चॅनेल निवडण्याचे आणखी एक कारण म्हणजे देयकाच्या पडद्यावर प्रवेश नसलेल्या सदस्यालाही माहिती मिळते. पुणे किंवा मुंबईतील कार्यालयात बसणारा आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरसारख्या गावातून दूरस्थ काम करणारा, असे दोघेही एकच मजकूर एकाच वेळी मोबाइलवर वाचू शकतात. संदेशाखालीच चर्चा होत असल्याने वाढीचे कारण व त्यावरील कार्यवाही यांची नोंदही तिथेच राहते.

== कार्यपद्धती ==

अशा व्यवस्थेचे चार भाग असतात: वेळापत्रक, खर्चाची माहिती मिळवणे, हिशेब व मांडणी, आणि संदेश पाठवणे.

=== खर्चाची माहिती मिळवणे ===

ॲमेझॉनच्या खात्यात ‘कॉस्ट एक्सप्लोरर’ या सेवेच्या एपीआयकडून दिवसनिहाय आकडे मागवता येतात. मागणीत आरंभ दिनांक, अंतिम दिनांक, दैनिक किंवा मासिक तपशील आणि सेवा, खाते वा टॅग यांनुसार वर्गीकरण नमूद करावे लागते. आरंभ दिनांक हिशेबात धरला जातो, अंतिम दिनांक मात्र धरला जात नाही. त्यामुळे केवळ १६ तारखेचा खर्च हवा असल्यास आरंभ १६ व अंतिम १७ असा द्यावा लागतो. या एपीआयच्या प्रत्येक मागणीला ०.०१ अमेरिकन डॉलर शुल्क आहे. दिवसातून एकदा चालणाऱ्या अहवालासाठी ते नगण्य असले, तरी शेकडो खात्यांसाठी वारंवार मागण्या केल्यास ते वाढत जाते. अधिक बारकाव्यासाठी खर्च व वापराचा सविस्तर अहवाल साठवण सेवेत दररोज जमा करून घेण्याची सोय आहे.

गूगल क्लाउडमध्ये देयकाचा तपशील ‘बिगक्वेरी’ या डेटा साठ्यात निर्यात करून त्यावर एसक्यूएल प्रश्न चालवण्याची पद्धत प्रचलित आहे. त्यात मूळ खर्च आणि सवलती वेगवेगळ्या रकान्यांत असतात. सवलतींच्या रकमा ऋण चिन्हाने येतात, म्हणून निव्वळ खर्चासाठी दोहोंची बेरीज करावी लागते. ॲझ्युरमध्ये ‘कॉस्ट मॅनेजमेंट’ सेवेच्या एपीआयचा किंवा साठवण खात्यात होणाऱ्या दैनिक निर्यातीचा उपयोग करतात.

=== वेळापत्रक आणि कालक्षेत्र ===

प्रोग्राम चालवण्यासाठी लिनक्समधील क्रॉन, गिटहब ॲक्शन्स किंवा पुरवठादाराच्या स्वतःच्या सेवा वापरल्या जातात. ॲमेझॉनमध्ये इव्हेंटब्रिज व लॅम्डा यांची जोडी सर्रास आढळते. लॅम्डावरील एक फेरी कमाल १५ मिनिटे चालू शकते आणि अशा अहवालाला सामान्यतः तेवढा वेळ लागत नाही.

भारतातील चमूंच्या अहवालात कालक्षेत्राचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. ॲमेझॉनच्या देयकातील दिवस समन्वित वैश्विक वेळेनुसार मोजला जातो. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने ‘१६ तारीख’ म्हणजे भारतातील १६ तारखेच्या पहाटे ५:३० पासून १७ तारखेच्या पहाटे ५:३० पर्यंतचा काळ होय. सोमवारी रात्री १० वाजता सुरू करून मंगळवारी सकाळी ८ वाजता बंद केलेल्या यंत्राच्या दहा तासांपैकी साडेसात तास सोमवारच्या आणि अडीच तास मंगळवारच्या खात्यात दिसतात. गूगल क्लाउडचा देयक-दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार असतो. तो भारतात दुपारी १२:३० वाजता, तर तेथील हिवाळी वेळेत दुपारी १:३० वाजता सुरू होतो. त्यामुळे दोन पुरवठादारांचे आकडे एकाच तारखेखाली मांडले, तरी ते नेमक्या एकाच २४ तासांचे नसतात.

वेळापत्रकाच्या सेवेतही वेळ कोणत्या कालक्षेत्रात द्यायची हे तपासावे लागते. वैश्विक वेळेनुसार चालणाऱ्या सेवेत सकाळी ९:३० चा अहवाल हवा असल्यास पहाटे ४ ही वेळ नोंदवली जाते. २०२२ मध्ये आलेल्या इव्हेंटब्रिज शेड्युलरमध्ये भारतीय कालक्षेत्र थेट निवडता येते.

=== संदेश पाठवणे ===

संदेश पाठवण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे वेबहुक. चॅट साधन एका चॅनेलसाठी एक खास वेबपत्ता तयार करून देते आणि त्या पत्त्यावर जेसन स्वरूपातील मजकूर पाठवला की तो चॅनेलवर उमटतो. स्लॅकच्या वेबहुकवर साधारणपणे सेकंदाला एक संदेश अशी मर्यादा आहे. ती ओलांडल्यास ४२९ हा त्रुटी-क्रमांक परत येतो व किती वेळ थांबावे हेही कळवले जाते. मायक्रोसॉफ्टने टीम्समधील जुने ऑफिस ३६५ कनेक्टर बंद करण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले आणि त्याऐवजी ‘वर्कफ्लोज’ वापरण्यास सांगितले. त्यामुळे जुन्या पद्धतीने लिहिलेल्या अहवालांना आपले पत्ते बदलणे भाग पडले.

== संदेशाचा आशय ==

संदेश मोबाइलच्या एका पडद्यावर मावेल एवढा ठेवण्याचा प्रघात आहे. १८ जूनच्या सकाळी पाठवलेला एक काल्पनिक संदेश पुढीलप्रमाणे असू शकतो:

* १६ जूनचा खर्च: ₹११,८४० (आधीच्या ७ दिवसांची सरासरी ₹९,९२०, वाढ १९.४ टक्के)
* महिन्यात आजवर: ₹१,६१,२००, अंदाजपत्रक ₹३,००,००० (५३.७ टक्के खर्च, ५३.३ टक्के दिवस पूर्ण)
* महिनाअखेरचा अंदाज: ₹३,०२,२५०
* सरासरीच्या तुलनेत बदल: डेटाबेस +₹१,४५०, चाचणी यंत्रे +₹५२०, इतर −₹५०
* टॅग नसलेला खर्च: ₹७६० (६.४ टक्के)

यातील पहिली ओळ वाढ झाली आहे काय हे सांगते आणि चौथी ओळ ती कोठे झाली हे दाखवते. सर्वाधिक खर्चाच्या सेवांची यादी रोज जवळपास तीच असते, म्हणून ‘सर्वाधिक खर्च’ यापेक्षा ‘सर्वाधिक बदल’ दाखवणारी ओळ अधिक उपयोगी ठरते. महिनाअखेरचा अंदाज येथे आजवरच्या खर्चाला १६ ने भागून ३० ने गुणल्यावर मिळतो. महिन्याच्या पहिल्या काही दिवसांत मात्र असा सरळ गुणाकार दिशाभूल करतो.

आकड्यांची मांडणी हाही दुर्लक्षित राहणारा भाग आहे. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये स्वल्पविराम मूळतः दर तीन अंकांनंतर पडतो. लाख-कोटींच्या पद्धतीसाठी भारतीय लोकेल निवडावा लागतो, अन्यथा १२,३४,५६७ ही रक्कम १,२३४,५६७ अशी दिसते आणि वाचताना चूक होण्याची शक्यता वाढते.

== आकड्यांचा अर्थ लावणे ==

खर्चाचे आकडे तात्काळ उपलब्ध होत नाहीत. कॉस्ट एक्सप्लोररमधील माहिती २४ तासांतून किमान एकदा अद्ययावत होते. काही सेवांचा वापर उशिरा नोंदला जातो. त्यामुळे सकाळी मागवलेला कालचा आकडा अपुरा असू शकतो आणि खर्च कमी झाल्याचा आभास होतो. यावर दोन उपाय प्रचलित आहेत. एक म्हणजे दोन दिवसांपूर्वीचा आकडा मुख्य म्हणून दाखवणे, दुसरा म्हणजे कालचा आकडा ‘अपूर्ण’ असे लिहून देणे. ॲमेझॉनच्या उत्तरात आकडा अंदाजे आहे की अंतिम हे सांगणारी खूणही असते. देयक अंतिम होईपर्यंत आकडे बदलू शकत असल्याने दररोज केवळ एक दिवस न मागवता चालू महिन्याचे सर्व दिवस पुन्हा मागवणे अधिक सुरक्षित मानले जाते.

महिन्याच्या १ तारखेचा खर्च नेहमीपेक्षा जास्त दिसणे स्वाभाविक असते. आरक्षित यंत्रांचे मासिक शुल्क त्या दिवशी एकदम नोंदले जाते. हे शुल्क संपूर्ण कालावधीत विभागून दाखवणारा ‘अमॉर्टाइज्ड’ खर्च निवडल्यास हा उंचवटा नाहीसा होतो. दैनिक तुलनेसाठी विभागलेला खर्च व देयकाशी ताळा घालण्यासाठी प्रत्यक्ष खर्च असे दोन वेगळे आकडे वापरले जातात. एकाच अहवालात त्यांची सरमिसळ झाल्यास बेरीज जुळत नाही.

भारतात क्लाउड सेवांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. अहवालातील आकडा करासह आहे की करविरहित, हे संदेशात स्पष्ट केलेले नसल्यास अभियांत्रिकी चमूचा आकडा आणि लेखा विभागाचा आकडा यांत कायम तफावत राहते. ॲमेझॉनचे दर डॉलरमध्ये असतात. त्यांचे रुपयांत रूपांतर करताना कोणता विनिमय दर घेतला हेही नमूद करणे योग्य ठरते. रुपयाचा दर रोज बदलून घेतल्यास वापर स्थिर असूनही खर्च हललेला दिसतो, म्हणून अनेक चमू महिनाभर एकच दर धरतात. नवोदित कंपन्यांना मिळणाऱ्या मोफत क्रेडिटचाही असाच परिणाम होतो. क्रेडिट वजा करून दाखवल्यास खर्च शून्य भासतो आणि क्रेडिट संपल्यावर तो एकदम प्रकट होतो. या कारणास्तव क्रेडिटपूर्व खर्च दाखवण्याची शिफारस केली जाते.

प्रत्येक वाढ म्हणजे दोष नव्हे. मुंबईत मुख्यालय असलेल्या आणि ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालणाऱ्या हॉटस्टार या प्रसारण सेवेवर २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकातील भारत–न्यूझीलंड उपांत्य सामना एकाच वेळी २.५३ कोटी प्रेक्षकांनी पाहिला. अशा दिवशी यंत्रांची संख्या व पर्यायाने खर्च वाढणे अपेक्षितच असते. लहान संस्थांमध्येही निकालाचा दिवस, प्रवेश अर्जांची अंतिम तारीख किंवा दिवाळीतील विक्री यांमुळे असे चढउतार होतात. शनिवार-रविवारी वापर घटणाऱ्या कामांत सोमवारची तुलना रविवारशी न करता मागील सोमवारशी केली जाते. खर्चाबरोबर ग्राहकसंख्या किंवा व्यवहारांची संख्या दिल्यास प्रति व्यवहार खर्च कळतो आणि वाढ व्यवसायामुळे झाली की अपव्ययामुळे, हे ठरवणे सोपे जाते.

== खर्चाची विभागणी ==

एकूण आकडा वाढल्याचे समजले तरी तो कोणाच्या कामामुळे वाढला हे कळण्यासाठी प्रत्येक यंत्रावर व साठ्यावर टॅग लावावे लागतात. प्रकल्प, चमू, पर्यावरण (उत्पादन, चाचणी इत्यादी) आणि जबाबदार व्यक्ती हे सामान्यतः वापरले जाणारे टॅग आहेत. ॲमेझॉनमध्ये टॅग लावल्यानंतर तो देयकाच्या विभागात स्वतंत्रपणे सक्रिय करावा लागतो. तोपर्यंत तो खर्चाच्या वर्गीकरणात दिसत नाही. प्रत्येक चमूसाठी स्वतंत्र खाते ठेवणे हा टॅगला पर्यायी व अधिक खात्रीचा मार्ग आहे. टॅग नसलेल्या खर्चाची ओळ अहवालात रोज दाखवल्याने ती कमी ठेवण्याची सवय लागते.

== सुरक्षितता ==

अहवाल तयार करणाऱ्या प्रोग्रामला केवळ खर्चाची माहिती वाचण्याची परवानगी देणे पुरेसे असते. यंत्रे सुरू वा बंद करण्याचे अधिकार त्याला दिले जात नाहीत. वेबहुकचा पत्ता हाच प्रवेशाचा परवाना असतो आणि तो हाती लागलेली कोणतीही व्यक्ती त्या चॅनेलवर संदेश टाकू शकते. म्हणून तो प्रोग्रामच्या मजकुरात न लिहिता गुप्त माहिती साठवणाऱ्या सेवेत ठेवला जातो. खर्चाच्या तपशिलातून ग्राहकांची नावे, नवे प्रकल्प किंवा व्यवसायाचा आकार उघड होऊ शकतो. त्यामुळे बाहेरील सल्लागार वा ग्राहक सदस्य असलेल्या चॅनेलवर असे अहवाल टाकले जात नाहीत.

== मर्यादा ==

अहवाल दिवसातून एकदा येतो व तोही जुन्या आकड्यांवर आधारलेला असतो. काही तासांत मोठे नुकसान करणाऱ्या गैरवापरापासून तो संरक्षण देत नाही. त्यासाठी यंत्रसंख्येच्या मर्यादा, वापरावरील इशारे व किल्ल्यांची सुरक्षितता हे उपाय वेगळे करावे लागतात.

दुसरी मर्यादा वाचकांच्या सवयीची आहे. रोज सारखाच दिसणारा संदेश काही आठवड्यांनी न वाचता पुढे सरकवला जातो. यावर उपाय म्हणून शांत दिवशी एकच ओळ पाठवणे आणि ठरावीक मर्यादेपलीकडे वाढ झाल्यास तपशील देऊन जबाबदार चमूचा नामोल्लेख करणे अशी पद्धत अवलंबली जाते. मर्यादा केवळ टक्क्यांत ठेवल्यास १० रुपयांचे २० रुपये झाल्याचाही इशारा येतो. म्हणून टक्केवारी व रक्कम या दोन्ही अटी लावल्या जातात.

तिसरी मर्यादा मौनाची आहे. केवळ वाढ झाल्यावरच संदेश पाठवणारी व्यवस्था बंद पडली, तर ‘सर्व ठीक आहे’ आणि ‘प्रोग्राम चाललाच नाही’ या दोन स्थिती सारख्याच दिसतात. किल्लीची मुदत संपणे, वेबहुक रद्द होणे किंवा चॅनेल बंद केले जाणे ही अशा खंडाची सामान्य कारणे आहेत. त्यामुळे बदल नसला तरी रोज एक ओळ पाठवणे आणि माहिती न मिळाल्यास शून्य न छापता ‘माहिती उपलब्ध नाही’ असे कळवणे महत्त्वाचे ठरते. अहवाल एकदा सुरू झाल्यावर चमू त्यावर विसंबते, म्हणून त्याच्या देखभालीची जबाबदारीही नेमून दिली जाते.

== पर्यायी साधने ==

पुरवठादारांच्या तयार सेवांमधून यातील काही गरजा भागतात. ‘ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस बजेट्स’मध्ये खर्च ठरवलेल्या टक्केवारीला पोहोचल्यावर इशारा मिळतो. २०२० मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झालेली ‘कॉस्ट ॲनोमली डिटेक्शन’ ही सेवा नेहमीच्या पद्धतीपेक्षा वेगळा खर्च ओळखते. गूगल क्लाउड व ॲझ्युर यांच्याकडेही अंदाजपत्रकाचे इशारे आहेत. हे इशारे चॅट चॅनेलवर वळवता येतात. मात्र अंदाजपत्रकाचा इशारा आला म्हणून सेवा आपोआप बंद होत नाही, त्यासाठी वेगळी कृती जोडावी लागते. अनेक संस्था अचानक वाढीसाठी तयार इशारे आणि रोजच्या कलासाठी स्वतःचा अहवाल अशी दोन्हींची सांगड घालतात.

== हे सुद्धा पहा ==

* क्लाउड कॉम्प्युटिंग
* ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस
* भारतीय प्रमाणवेळ
* वस्तू व सेवा कर (भारत)